पैसे भरून 'शोकेस' : भावाला पाठवू का? (कास्टिंग कार्यशाळांचे अनुभव हवेत)

वाळवण

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २४. पुण्यात इंजिनिअरिंग केलं. म्हणजे पदवी मिळाली. 'इंजिनिअरिंग केलं' असं तो स्वतःही म्हणत नाही. पुरुषोत्तमला (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) दोनदा उतरला, एकदा बॅकस्टेज आणि एकदा भूमिका. त्या भूमिकेनंतर भरत नाट्य मंदिराच्या बाहेर कुणीतरी पाठ थोपटली आणि तिथून घराचं गणित बिघडलं. गेल्या दिवाळीपासून मुंबईत आहे. यारी रोडला एका खोलीत चौघं राहतात. रोज आराम नगरात, कास्टिंग ऑफिसांच्या चकरा, 'नॉट फिट' ऐकायचं, परत यायचं. आतापर्यंत एका जाहिरातीत दिसलाय, तोही मान वळवलेला.

आता त्याला व्हॉट्सॲपवर एक पत्रक आलंय. तीन दिवसांची 'कास्टिंग इंटेन्सिव्ह', शेवटच्या दिवशी पाच नामवंत कास्टिंग डायरेक्टरांसमोर (भूमिकांसाठी नट सुचवणारे) 'शोकेस', म्हणजे अभिनयाची झलक. फी २८,००० अधिक जीएसटी. फक्त २० जागा. रविवारपर्यंत भरले तर २,००० सूट.

बाबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. पैसे माझ्याकडे मागितलेत. देऊ शकते. पण हे शिक्षण आहे की प्रवेशाचं तिकीट, तेच कळत नाहीये. कुणी जवळून पाहिलंय का? आज गुरुवार आहे.

पाटीवाला

शोकेस म्हणजे आमच्याकडे हॉलमधलं काचेचं कपाट. आत लग्नात आलेला कपबश्यांचा सेट. तीस वर्षांत त्यातून कुणी चहा प्यायलेला नाही. नाव अगदी विचार करून ठेवलंय त्यांनी.

डोंबिवली_स्लो

पाटीवाला, खिक्!

२० गुणिले २८,००० = ५ लाख ६० हजार. तीन दिवसांत. आपण चुकीच्या बाजूला बसलोय मंडळी.

तिसरी_घंटा

वाळवणताई, मी चार वर्षं कास्टिंग असिस्टंट होतो. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. प्रॉडक्शनकडून ब्रीफ येतं : 'वय २५ ते ३०, हवालदार, मराठी बोलणारा, सहा दिवस, बजेट अमुक.' कास्टिंग डायरेक्टर ते असिस्टंटच्या ग्रुपवर टाकतो. आम्ही आधी आपल्या हार्ड डिस्कमध्ये शोधतो, मग कोऑर्डिनेटरांना (नट पुरवणाऱ्यांना) कळवतो, मग नटांच्या ग्रुपवर टाकतो. संध्याकाळपर्यंत शे-दीडशे व्हिडिओ येतात. त्यातले पंधरा-वीस पुढे जातात. त्यातून दिग्दर्शक, मालिका असेल तर चॅनेल, जाहिरात असेल तर एजन्सी आणि तो बिस्किटवाला क्लायंट, असे सगळे मिळून एक ठरवतात. कास्टिंग डायरेक्टर सुचवतो. 'लॉक', म्हणजे नाव पक्कं, दुसरेच करतात. त्यामुळे 'कास्टिंग डायरेक्टरला आवडलो की काम मिळालं' ही समजूतच मुळात अर्धी आहे.

आता शोकेस. मी अशा सहा-सात शोकेसना समोरच्या खुर्चीत बसलोय. पत्रकावर माझ्या साहेबांचं नाव असायचं, ते शूटवर असायचे आणि खुर्चीत मी. जायचं-यायचं भाडं, पाकीट, जेवण. पाकिटात किती ते विचारू नका. महिनाअखेरीस माझ्यासाठी ते बरंच होतं. पंचवीस पोरं, प्रत्येकी दोन मिनिटं. पाचव्याला मी सरळ होऊन पाहायचो, बाराव्याला फोन बघायचो, अठराव्याला जेवणात काय आहे याचा वास घ्यायचो. प्रत्येकाचा एक कागद हातात असे. फोटो, उंची, वय, भाषा. त्यावर मी काहीतरी लिहायचो, कारण पोरं खुर्च्यांकडे बघत असायची आणि पेन हलताना दिसलं की त्यांच्या तोंडावर उजेड यायचा. खरं सांगतो, एकदा मी त्यावर किराणा सामानाची यादी केली आहे. त्याची लाज वाटते अजून.

ते कागद ऑफिसात येऊन एका खोक्यात जायचे. ब्रीफ आलं की खोकं कोण उघडतो? फोनमधलाच माणूस शोधला जातो.

त्यातून एकही काम झालं नाही का? झालं. एका मुलीला मी लक्षात ठेवलं आणि आठ महिन्यांनी एका मालिकेत नर्स म्हणून पाठवलं. पण तिने मला नंतर दर महिन्याला एक नवा, नीट केलेला व्हिडिओ पाठवला होता. फुकट. लक्षात राहिली ती त्या आठ व्हिडिओंनी.

पाटीवाला

किराणा यादीत काय होतं?

तिसरी_घंटा

पोहे, साबण, मच्छर अगरबत्ती. तिसरा जिन्नस यारी रोडला राहिलेल्यांना समजेल.

गोदाकाठ

तिसरी_घंटा यांचं पटतंय, पण थोडा विरोध नोंदवते.

मी नाशिकची. आठ वर्षं राज्य नाट्य आणि एकांकिका, मग मुंबई. पैसे भरून एक कार्यशाळा मीही केली, शनिवार-रविवार, १२ हजार. काम मिळालं नाही, पण ते १२ हजार मला पुन्हा खर्च करायला सांगितले तर करीन.

कारण सांगते. कालिदासमध्ये शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत आवाज पोचवायची सवय. कॅमेऱ्यासमोर पहिलं वाक्य बोलले आणि साउंडवाल्या मुलाने हेडफोन काढून बाजूला ठेवला. मग त्यांनी माझंच शूट मला मोठ्या पडद्यावर दाखवलं. माझी डावी भुवई प्रत्येक वाक्याला वर जाते. प्रत्येक! आठ वर्षं कुणी सांगितलं नाही, कारण रंगमंचावर ते दिसतच नाही. दोन दिवस भुवईवर काम केलं. मार्कवर (जमिनीवरच्या खुणेवर) खाली न बघता कसं थांबायचं, समोरच्याची नजर कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला धरायची, मास्टरमध्ये (पूर्ण प्रवेशाचा लांबचा शॉट) चहाचा कप ज्या शब्दावर उचलला त्याच शब्दावर क्लोजमध्येही उचलायचा, नाहीतर एडिटर शिव्या घालतो. हे घरी आरशासमोर येत नाही.

आणि दुसरं म्हणजे तिथे भेटलेल्या चार जणी. आजही सेल्फ टेप (ऑडिशनचा स्वतः केलेला व्हिडिओ) करायची तर एकमेकींना क्यू द्यायला, म्हणजे समोरच्याची वाक्यं बोलायला जातो.

पण त्या पत्रकावर 'कास्टिंग' हा शब्द नव्हता. 'कॅमेऱ्यासमोरचा अभिनय' एवढंच होतं.

वाळवण

इतके प्रतिसाद! मंडळी, खूप आभार.

तिसरी_घंटा, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'निदान कागदावर लिहितात तरी. आराम नगरात दारातूनच परत पाठवतात.' यावर मला काही बोलता आलं नाही.

गोदाकाठ, भुवई वाचून त्याने लगेच स्वतःचे जुने व्हिडिओ काढले. त्याची भुवई ठीक आहे, पण तो वाक्य संपलं की ओठ चाटतो.

खाडीपलीकडे

मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. सिनेमाशी संबंध एवढाच, की शेजारीण अभिनेत्री आहे आणि ती शूटला गेली की तिचं मांजर आमच्याकडे असतं. पण या विषयावर तिच्याकडून इतकं ऐकलंय की लिहिल्यावाचून राहवत नाही.

इथे हाच प्रकार वर्षानुवर्षं चालला होता. 'कार्यशाळा' म्हणायचं, समोर एखाद्या मालिकेच्या कास्टिंग ऑफिसातला असोसिएट बसवायचा, नटांनी पैसे भरून त्याच्यासमोर एक प्रवेश करायचा. शिकवणं नावालाच. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये कायदा केला, २०१० पासून लागू : ऑडिशनची संधी देण्यासाठी पैसे घेणं हा गुन्हा. कमाल शिक्षा एक वर्ष कैद, १०,००० डॉलर दंड. शिकवणारी संस्था असेल तर लेखी करार हवा, दहा कामकाजाच्या दिवसांत रद्द करायचा हक्क हवा, आणि संस्थेने ५०,००० डॉलरचा बाँड (हमी) भरलेला हवा.

आणि कायदा आल्यावरही सात वर्षं हे चालूच राहिलं! फेब्रुवारी २०१७ मध्ये शहराच्या सरकारी वकिलाने पाच कार्यशाळा कंपन्यांवर आणि कास्टिंगमधल्या बऱ्याच लोकांवर आरोप ठेवले, तेव्हा कुठे खळबळ उडाली. शेजारीण सांगते, त्या आठवड्यात तिला तीन कार्यशाळांचे 'तूर्त रद्द' असे निरोप आले.

गंमत म्हणजे तिच्या ओळखीतले काही नट कायद्यावरच चिडले होते. 'आम्हाला तेवढा एकच दरवाजा होता, तोही लावला' म्हणाले. वाळवण यांच्या भावाचं वाक्य वाचून तेच आठवलं.

डोंबिवली_स्लो

दहा दिवसांत रद्द करायचा हक्क?? इथे 'एकदा भरलेली फी परत मिळणार नाही' हे फीच्या आकड्यापेक्षा मोठ्या अक्षरांत असतं.

ताळेबंद

पेशाने सीए. नटांचे हिशोब बघतो, म्हणजे बहुतेक वेळा शून्य बघतो.

वाळवण, तीन गोष्टी तपासा. पत्रकावर 'अधिक जीएसटी' लिहिलंय, तर जीएसटी क्रमांक मागा आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघा, कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. १८ टक्क्यांनी तुमचे ३३,०४० होतात. त्यातले ५,०४० सरकारला जाणार की कुणाच्या खिशात, हे कळायला नको? दुसरं, पैसे कुठे मागितलेत? एखाद्याच्या वैयक्तिक मोबाइल नंबरावर यूपीआय करायला सांगितलं असेल तर मी तिथेच थांबेन. तिसरं, रद्द झालं तर काय, याचं उत्तर फोनवर नको, लेखी घ्या.

आपल्याकडे अभिनयापुरता असा वेगळा कायदा नाही. मग उरतात नेहमीचे रस्ते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर १९३०, आणि तोही जितक्या लवकर कराल तितका उपयोग. उघड फसवणूक असेल तर पोलीस. पूर्वी कलम ४२०, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८.

पाटीवाला

'तीनशेअठरा माणूस आहे तो' असं कोण म्हणणार! शिवीला वजन राहिलं नाही.

दोनलेकरांचीआई

माझाही अनुभव टाकते, थोडा वेगळा आहे.

धाकटी साडेतीन वर्षांची होती तेव्हा एका मॉलमध्ये स्टॉलवरच्या मुलीने थांबवलं. 'किती एक्स्प्रेसिव्ह आहे हो!' आता स्वतःच्या लेकराला कुणी असं म्हणालं की आपली अक्कल तिथल्याच ट्रॉलीत राहते. फोटो काढला, नंबर घेतला. दोन दिवसांनी फोन : 'हजारातून निवड झाली, दिग्दर्शक भेटायचं म्हणतात.' ऑफिस चकाचक, भिंतीवर नटांचे फोटो (ज्यांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता, हे नंतर सुचलं). पोर्टफोलिओ ३८ हजार, 'आर्टिस्ट कार्ड' ७ हजार. नवरा नको म्हणत होता. मी भरले.

पोर्टफोलिओ आला. छान आहे. बैठकीत लावलाय. बाकी काही आलं नाही. दोन महिन्यांनी त्या ऑफिसच्या जागी केस विरळ होण्यावर उपचार करणारं क्लिनिक होतं.

तिसरी_घंटा

ताई, वाईट वाटलं. सगळ्यांसाठी लिहून ठेवतो : 'आर्टिस्ट कार्ड' नावाची कुठलीही वस्तू ऑडिशनला लागत नाही. कलाकारांची संघटना सिंटा, तिचं सभासदत्व असतं; ज्युनिअर आर्टिस्टची युनियन वेगळी. ते रीतसर अर्ज करून त्या त्या संघटनेकडूनच मिळतं, मॉलमध्ये नाही.

आणि लहान मुलांचं खरं काम आलं तर नियम आहेत. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे ठेवीत. हे जो स्वतःहून सांगतो त्याच्यावर थोडा विश्वास ठेवा.

प्रॉम्प्टर

आमच्या काळी असलं काही नव्हतं. एकांकिका करा, आयएनटीची स्पर्धा करा, सवाई एकांकिका स्पर्धेला या. २५ जानेवारीची रात्र! रात्रभर एकांकिका, पहाटे निकाल, आणि बाहेर पडावं तर प्रजासत्ताक दिनाची गाणी लागलेली. परीक्षक, निर्माते, चॅनेलवाले सगळे तिथेच सापडायचे. शोकेस म्हणतात ती हीच. प्रवेश फी काय ती मामुली.

डोंबिवली_स्लो

काका, सवाईला थेट जाता येत नाही, आधी कुठेतरी पहिलं यावं लागतं. आणि एकांकिकेचा खर्च काढलात का? आम्ही लोकांकिका स्पर्धेला उतरलो तेव्हा नेपथ्याच्या टेम्पोलाच ९ हजार गेले. सेट विंगेत अडकला, ब्लॅकआउटमध्ये आमची 'विहीर' आडवी पडली. प्राथमिकमध्येच गारद.

प्रॉम्प्टर

विहीर आडवी पडली तरी बसून अभिनय करता आला पाहिजे. आमच्या एकदा मुख्य नटाची मिशी…

विंगेतली_खुर्ची

प्रॉम्प्टरकाका, मिशीचा किस्सा हा तिसऱ्या धाग्यावर येतोय. (हलके घ्या.)

वडसा_लाइन

आमच्याकडे या ना मग. झाडीपट्टी, पूर्व विदर्भात. दिवाळीनंतर जे सुरू होते ते पार होळीपर्यंत. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं रांगेनं. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) असला, मंडई (जत्रा) असली की रात्री नाटक पाहिजेच. रात्री दहाला पडदा उघडते अन् पहाटे पडते. चार-पाच हजार पब्लिक, थंडीत चादरी पांघरून. मी तीन सीझन केले. रात्रीचे पैसे रात्री. कोणाला एक रुपया द्यावा नाही लागला, उलट शिकता शिकता घेतले.

पण एक सांगतो, तिथं शिकलेला आवाज घेऊन मुंबईले गेलो तर ऑडिशनवाला म्हणे, 'भैय्या, कॅमेरा बहिरा नहीं है.' गोदाकाठताईच्या भुवईवाली गोष्ट एकदम पटली.

गोदाकाठ

'कॅमेरा बहिरा नहीं है' हे मी खोलीत लिहून लावणार आहे.

रंगमळा

इतका वेळ वाचत होतो. मी अभिनयाच्या कार्यशाळा घेतो, पैसे घेऊन. इथे जणू सगळेच भामटे आहेत असा सूर लागलाय म्हणून लिहितो.

अंधेरीत एक बरा हॉल दिवसाला ८-१० हजार. कॅमेरा, दोन लाइट, लेपल माइक, एक ऑपरेटर. बारा मुलांच्या वर मी घेत नाही, कारण प्रत्येकाला दिवसात किमान चार वेळा कॅमेऱ्यासमोर उभं करायचं असतं. रात्री बसून प्रत्येकाचं फुटेज बघतो. गाणं शिकायला गुरुजींना फी देतो, तबल्याला देतो, आणि अभिनय मात्र फुकट यावा? एनएसडी (दिल्लीची नाट्यशाळा) किंवा एफटीआयआयला (पुण्याची फिल्म संस्था) जागा किती, आलेले अर्ज किती? ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी, सगळ्या मिळून मूठभर जागा. बाकीच्यांनी शिकायचं कुठे?

डोंबिवली_स्लो

शिकवण्याबद्दल कुणाचाच वाद नाही हो. प्रश्न सरळ विचारतो : तुम्ही शेवटच्या दिवशी कास्टिंगवाले बोलावता का?

रंगमळा

पूर्वी बोलवायचो. पत्रकावर ते नाव टाकलं की जागा आठवड्यात भरतात, नाही टाकलं तर दोन महिने लागतात. धंद्याचं सत्य आहे.

गेल्या वर्षीपासून बंद केलं. एक मुलगा तिन्ही दिवस व्यायामांत लक्षच देईना. विचारलं तर म्हणाला, 'सर, मी रविवारसाठी आलोय.' मग पुढच्या बॅचला बघितलं तर निम्मे तसेच.

डोंबिवली_स्लो

हा प्रतिसाद प्रामाणिक आहे. माझं ५ लाख ६० हजारांचं गणित अर्धं मागे घेतो.

निरभ्र

मुलींच्या बाजूने एक मुद्दा कुणीच मांडला नाही.

मुंबईत पहिल्या वर्षी मला 'रात्री नऊला मीटिंग, हॉटेलच्या कॅफेत' असे किती निरोप आले ते मोजणं सोडून दिलं होतं. पैसे भरलेल्या कार्यशाळेत किमान पंधरा जण, उघडा दरवाजा, दिवसाउजेडी. कास्टिंगमधली माणसं प्रत्यक्ष कशी दिसतात, कशी बोलतात हे तिथे कळलं. त्यामुळे पुढे 'मी अमक्याच्या ऑफिसातून बोलतोय' असा फोन आला की मी त्याच ऑफिसात फोन करून विचारायला शिकले. दोनदा उत्तर आलं, 'असा कुणी आमच्याकडे नाही.'

म्हणजे मी ओळख विकत घेतली का? हो, घेतली. ज्यांची ओळख जन्मतःच असते त्यांना हे विकत घ्यावं लागत नाही, एवढंच.

तिसरी_घंटा

निरभ्र, मान्य. माझ्या प्रतिसादात हे सुटलं होतं. मी खुर्चीच्या एकाच बाजूने लिहिलं.

वाळवण

शनिवार रात्र. ताजी बातमी.

ताळेबंद यांनी सांगितल्याप्रमाणे भावाने आयोजकांना मेसेज केला. पाच कास्टिंग डायरेक्टर कोण, विचारलं. उत्तर : 'वो सरप्राइज़ है 😊'. जीएसटी क्रमांक विचारला. उत्तर : 'रसीद के साथ मिलेगा.' रद्द झालं तर? दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. तासाभराने फोन आला, 'दोनच सीट राहिल्यात, तुझ्यासाठी एक होल्ड करू का?'

गंमत अशी, की त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलालाही त्याच वेळी तोच फोन आला. दोघं एकाच पलंगावर बसून बोलत होते. दोघांसाठी एकेक सीट होल्ड!

पाटीवाला

सरप्राइज म्हणजे सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणा निघणं. २८ हजारांत नव्हे.

ताळेबंद

पावतीबरोबर क्रमांक मिळेल म्हणजे लग्न झाल्यावर मुलीचं नाव सांगू.

खाडीपलीकडे

रविवारची घाई हीच खरी खूण. शेजारीण म्हणते, ज्या वर्गात खरंच शिकवतात तिथे पुढच्या महिन्यातही वर्ग असतो.

गोदाकाठ

वाळवण, त्याच्याकडे उभं राहायला एक रिकामी भिंत आहे का? निळी किंवा करडी चादर घट्ट ताणून लावायची, इस्त्री करून. सुरकुत्या चेहऱ्याआधी दिसतात. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. प्रोफाइल वेगळी करायची : नाव, वय, उंची, कुठे राहतो, डावी-उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून. सीन वेगळा. आणि क्यू देणारा माणूस बरा हवा. सपाट आवाजात वाचणारा असला की नटाचाही चेहरा सपाट होतो.

वाळवण

(सव्वा महिन्यानंतर)

धागा वर काढतेय. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

ते ३३ हजार दिले नाहीत. त्याच्या मित्राने भरले. शोकेसला पाचांपैकी तिघं आले. त्यातल्या एकाने त्याला विचारलं, 'घोडा चालवता येतो का?' तो नाही म्हणाला. एवढंच झालं. मित्र मात्र म्हणतो, मजा आली, आत्मविश्वास वाढला. आता त्याचा आत्मविश्वास आणि त्याचे पैसे, मी कोण बोलणार.

भावाने दोन दिवसांचा कॅमेऱ्याचा वर्ग केला, साडेचार हजार, दहा मुलं, कुणी पाहुणे नाहीत. ओठ चाटणं कमी झालंय. चादर मी सांगलीहून पाठवली. एकदा खोलीत क्यू द्यायला कुणी नव्हतं म्हणून मी फोनवरून दिला. तो नवरा, मी बायको, घटस्फोटाचा प्रवेश. मी 'तू बदललास रे' हे वाक्य अशा काही सुरात म्हटलं की तो हसत सुटला आणि सात टेक वाया गेले.

पण आठव्या टेकची टेप कामी आली. म्हणजे त्या भूमिकेला नाही, पण त्याच असिस्टंटने दहा दिवसांनी दुसऱ्या कामाला बोलावलं. घोडबंदरला मालिकेचा सेट, एक दिवस, कुरिअरवाला. वाक्य एकच : 'ताई, इथे सही करा.' सकाळी सातचा कॉल, सीन लागला रात्री साडेनऊला. चौदा तास तो ते पाकीट हातात धरून होता, खाली ठेवलं तर हरवेल म्हणून.

परवा प्रक्षेपण झालं. बाबांना तेव्हाच कळलं. त्यांनी दोनदा बघितलं, मग विचारलं, 'त्या बाईने सही न वाचता केली. चालतं का असं?' आणि मग, 'पैसे किती?' सांगितलं. 'कधी?' नव्वद दिवसांनी. तेव्हापासून कॅलेंडरवर कारखान्याच्या पेनाने रोज एक फुली मारतायत.

तिसरी_घंटा

अभिनंदन! व्हाउचरवर सही केली असेल तर त्याचा फोटो आहे ना त्याच्याकडे? नसेल तर आजच प्रॉडक्शनवाल्याकडून मागून घ्यायला सांगा. आणि बाबांना म्हणावं, नव्वदाव्या फुलीला फोन करू नका. शंभराव्याला करा. नव्वदला अकाउंटवाला 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणतो.

पाटीवाला

सही न वाचता करणाऱ्या बाईला ताळेबंद यांचा नंबर द्या कुणीतरी.

दोनलेकरांचीआई

वाळवण, तो साडेचार हजारांचा वर्ग मोठ्यांचाच आहे की लहानांचाही घेतात? विपुत (विचारपुशीत) कळवाल का? धाकटी आता सहा वर्षांची आहे. नवऱ्याला अजून विचारलेलं नाही.